मणिबेली ते हेग : दोन दस्तऐवजांचे वाचन

न्यायालयाच्या मजकुराचे समीक्षण साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडेल. ललितकृतीचे निकष कायद्याच्या भाषेस लावू नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि कोणाचा उल्लेखच नाही, हे पाहण्यास कोणत्याही मजकुराची आडकाठी नसावी. खानदेशात राहून हे पाहण्याचे आम्हांस विशेष कारण आहे. ते पुढे येईलच.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हेग येथे हवामान बदलाविषयी राष्ट्रांच्या कर्तव्यांवर आपले सल्लागार मत दिले. या मताचे मूळ एका वर्गात आहे. २०१९ साली वानुआतू या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रात, दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या कायदा शाखेतील २७ विद्यार्थ्यांनी हा प्रश्न जगातील सर्वोच्च न्यायपीठापुढे नेण्याचे ठरविले. त्यांनी आपापल्या सरकारांना पत्रे लिहिली, वानुआतूचे सरकार पुढे सरसावले आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव एकमताने संमत केला. परीक्षेची तयारी करण्याच्या वयात या मुलांनी जगालाच प्रश्नपत्रिका काढून दिली, असे आम्ही गमतीने म्हणतो.

आता मजकुराकडे वळू. त्याचे बळ त्याच्या निःसंदिग्धपणात आहे. पर्यावरणास मोठी इजा होऊ न देणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य आहे. कोणी करारात असो वा नसो, ते त्यास चुकत नाही. खनिज इंधनाचे उत्पादन, त्याचे परवाने, त्यावरील अनुदाने यांबाबत ढिलाई केल्यास तेही आंतरराष्ट्रीय अपकृत्य ठरू शकेल, आणि अपकृत्य ठरल्यास ते थांबविणे व नुकसान भरून देणे ओघानेच आले. पंधराही न्यायाधीशांचे यावर एकमत झाले. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, ही आपल्याकडील वाचकांस आपुलकीची वाटेल अशी बाब. सल्लागार मत बंधनकारक नसते हे खरे. पण बंधन नसलेला शब्दही पुढे अनेक न्यायालयांत साक्षीस उभा राहतो.

उणीव व्याकरणात आहे. या मजकुराचा कर्ता जवळजवळ सर्वत्र ‘राष्ट्र’ हाच आहे. आमसभेने विचारलेल्या प्रश्नात आजच्या व उद्याच्या पिढ्यांतील जनसमूह आणि व्यक्ती यांचाही स्पष्ट निर्देश होता. मुलांचा खरा प्रश्न तोच होता. त्यावर न्यायालय थोडक्यात बोलते आणि व्यक्तीस दाद मागता येईल की नाही हे ज्या त्या करारावर सोपवून पुढे जाते. बुडणाऱ्या बेटावरील माणसाने विचारले आणि उत्तर त्याच्या सरकारला मिळाले, असे काहीसे झाले आहे.

इथे आम्हांस मणिबेली आठवते. अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदाकाठचे हे आदिवासी गाव. १९९८ च्या जुलैत नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील जी ३३ गावे गेली, त्यांत ते पहिले. जागतिक बँकेने १९८५ साली या धरणास कर्ज दिले होते. लोकांच्या विरोधामुळे बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपविली, आणि १९९२ च्या जूनमध्ये त्यांचा अहवाल आला. आम्हांस विचाराल तर तो हेगच्या मतापेक्षा अधिक वाचनीय आहे, कारण त्याचे लेखक काठाकाठाने फिरले, झोपड्यांत बसले, आणि ते पानापानांत उतरले आहे.

या अहवालाचा खरा विषय एका नामाचा आहे. पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसणाऱ्या भिल्ल-पावरा कुटुंबांपैकी अनेकांस सरकारी दप्तरात ‘अतिक्रमणदार’ हा शब्द होता. शब्द एवढाच, पण त्यामुळे जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा हक्क जात होता. चौकशी समितीने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या कराराकडे बोट दाखविले. आदिवासींनी परंपरेने कसलेल्या भूमीवरील त्यांचा मालकी हक्क तो करार मानतो, आणि भारताने त्यास १९५८ सालीच मान्यता दिली होती. दिल्लीच्या एखाद्या कपाटात पडून असलेला कागद अक्कलकुव्याच्या डोंगरात जिवंत झाला! बँकेने प्रकल्पापासून दूर व्हावे, असा अहवालाचा सूर होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उर्वरित कर्ज नको म्हणून कळविले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. त्याकडे बाधित माणसे स्वतः, सरकारच्या मध्यस्थीविना, तक्रार करू शकतात. हेगच्या मजकुरात जो कर्ता आम्हांस सापडत नाही, तो इथे सापडतो.

आणि तरीही १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली. २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. अहवाल जिंकला, गाव हरले. ‘अतिक्रमणदार’ हा शब्द मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने खोडला. त्याच्या उद्देशिकेत आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. शब्द खोडण्यास चौदा वर्षे लागली. त्यानंतर दाव्यांच्या फायली घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणे आले, ते वेगळेच.

डिसेंबर २०२४ मध्ये हेग येथील सुनावणीत भारताने बाजू मांडली की, हवा बिघडविण्याचे ऐतिहासिक उत्तरदायित्व श्रीमंत राष्ट्रांचे आहे, न्यायालयाने सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने लादू नयेत. पूर्वार्ध आम्हांस न्याय्य वाटतो. दुसऱ्या भागावर आमचे मन स्थिर होत नाही. भुसावळजवळ दीपनगरची राख उडते, रावेर-यावलच्या केळीबागा वैशाखात करपतात, आणि ‘आधी तुम्ही’ हा युक्तिवाद शेतकऱ्याच्या बांधावर फार वेळ टिकत नाही. दुसऱ्याकडे ऐतिहासिक अन्यायाची भरपाई मागणाऱ्याला आपल्या नदीकाठचा हिशेब विचारला जाणारच.

आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळात हे दोन्ही मजकूर आम्ही आळीपाळीने वाचून दाखविले. आकरावीतील एका मुलाने विचारले, “फादर, त्या कोर्टाकडे पोलीस आहेत का?” आम्ही नाही म्हणालो. न्यायालयानेही शेवटी, कायद्याची भूमिका महत्त्वाची असली तरी मर्यादित आहे आणि पुढचे माणसांच्या इच्छाशक्तीवर व शहाणपणावर आहे, असे म्हटले असल्याचे सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. मग त्याने १०७ क्रमांकाच्या कराराची प्रत मागितली. त्याच्या आजोळी, शहादा तालुक्यात, एक दावा अजून प्रलंबित आहे.