‘असूड’मधला न मांडलेला रकाना

आता एक नेमकं उदाहरण घेऊ. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, 1879 मध्ये कायदा केला. त्या कायद्याचा रोख होता ऋणको-धनको व्यवहारावर: खत, व्याज, कोर्ट, जप्ती.

1883 मध्ये जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितात, तेव्हा काय करतात बघा. सरकारी करांचा हिशेब त्यातही आहेच. पण पहिल्याच प्रकरणात येतं ते हे, की जन्मापासून मरणापर्यंतच्या धर्मविधींत शेतकऱ्याचा पैसा कसा जातो. पुढे ते आपल्याला थेट कुणब्याच्या घरात नेतात. ज्याला एरवी आपण ‘अनुत्पादक खर्च’ म्हणून एका ओळीत बसवतो, त्यामागे भीती आहे, जात आहे, शिक्षण नाकारलं जाणं आहे, हे इथे कळतं.

म्हणून आम्ही ‘असूड’ला पुरावा मानतो. तो राग लपवत नाही, एकांगीही होतो. अशी घरं किती होती, हे त्यातून मोजता येत नाही. त्यासाठी तक्ते लागतीलच. पण तक्त्यात कुठला रकानाच नाही, हे दाखवायला असं पुस्तक लागतं.

2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत बँका आणि सहकारी संस्थांची कर्जं होती, खासगी सावकाराचं नव्हतं. जे कर्ज कागदावरच नाही, ते माफ कसं होणार? प्रश्न आधी रकान्याचा आहे, मग आकड्याचा.