डॉन कोणाला म्हणावे?

सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली निघाला. त्याची पहिली खोडी मुखपृष्ठावरच आहे. नायक ‘हिडाल्गो’, म्हणजे खानदानी खरा, पण अगदी खालच्या पायरीवरचा. आणि नावाआधी चक्क ‘डॉन’ ही वरच्या पायरीवरची पदवी! घोड्याच्या नावासाठी चार दिवस आणि स्वतःच्या नावासाठी आठ दिवस डोके खाजवणारा हा गृहस्थ ‘डॉन’ मात्र कुणाला न विचारता लावून मोकळा होतो.

‘डॉन’चे मूळ लॅटिन. ‘डोमुस’ म्हणजे घर आणि ‘डोमिनुस’ म्हणजे घरधनी. आपल्या ‘दंपती’तला ‘दम्’ याच कुळातला. गुलाम मालकाला ‘डोमिनुस’ म्हणत, म्हणून सम्राट ऑगस्टसला हे संबोधन खपत नसे. पुढे तोच शब्द झिजून स्पेनमध्ये ‘डॉन’ आणि पोर्तुगालमध्ये ‘दों’ झाला. हे मूळ कळले की विनोदाला धार येते, कारण आपला हा घरधनी शूरवीरांच्या पोथ्या विकत घेण्यासाठी शेतजमीन फुंकून बसलेला आहे.

१६१५ च्या दुसऱ्या भागात ही खोडी अधिक रंगते. चार वेली आणि टीचभर जमीन असलेल्याने ‘डॉन’ व्हावे, याबद्दल गावातले हिडाल्गो नाके मुरडतात. ही कुजबुज मालकाच्या कानी घालतो किहोतेचा सेवक सांचोच. पुढे एक ड्यूक गंमत म्हणून सांचोला ‘बेटा’चा गव्हर्नर करतो. निरक्षर सांचो भिंतीवर काय लिहिले आहे ते विचारतो. ‘डॉन सांचो पान्सा’ ऐकताच तो बिथरतो: आपल्या घराण्यात कुणी डॉन झाला नाही, बाप सांचो, आजा सांचो, इथे दगडांहून डॉनच जास्त दिसतात! लगेच तो न्यायनिवाड्याला बसतो आणि टवाळीला जमलेल्यांना थक्क करतो. धन्याला शोभणारी जबाबदारी पेलतो तो पदवी झिडकारणाराच. सर्व्हान्तेस यावर भाष्य करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात शेजारी ठेवतो.

मग किहोतेचा डॉन खोटा म्हणायचा का? मृत्युशय्येवर शुद्धीवर आल्यावर तो स्वतःच ‘डॉन’ आणि ‘किहोते’ दोन्ही टाकून देतो. उरतो आलोन्सो किहानो, आणि वागणुकीने मिळवलेली एकच उपाधी: ‘भला’. या पदवीवर मात्र गावात कुणीच नाक मुरडत नाही.