वैनगंगेच्या खोऱ्यांतील मूळपुरुषाचा शोध व खानेसुमारीचा पुरावा

पूर्व विदर्भांतील शेतकरी घराण्यांत मूळपुरुषाची एक हकीकत बहुधा असतेच. कोणी म्हणतात, आमचे पूर्वज माळव्यांतून आले. कोणी म्हणतात, चांद्याच्या गोंड राजानें त्यांस काशीहून आणलें. तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा व त्याच्या आसपासचा वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलूख या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. कारण पोवार व कोहळी या ज्या दोन जातींनीं या खोऱ्याची भातशेती व तलाव नांवारूपास आणले, त्या दोहोंविषयींही बाहेरून आल्याची परंपरा सांगण्यांत येते. वंशावळी तयार करण्याची हौस अलीकडे वाढली आहे, व ती इष्टच आहे. परंतु अशा वंशावळीच्या शिरोभागीं एकाच इंग्रजी ग्रंथांतील चार ओळी उतरून घ्यावयाच्या व खालीं ‘खानेसुमारीवरून सिद्ध’ असा शेरा मारावयाचा, ही रीत इष्ट नव्हे. त्या चार ओळींचें वजन किती व त्या शेऱ्याचा अर्थ काय, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

हा ग्रंथ म्हणजे रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं रचलेला, मध्यप्रांतांतील जाती व जमाती यांवरील चार खंडांचा कोश. तो इ. स. १९१६ सालीं लंडन येथें छापला गेला. रसेल हे १९०१ सालच्या मध्यप्रांताच्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी होते. ३० डिसेंबर १९१५ रोजीं ‘पर्शिया’ नांवाचें जहाज भूमध्य समुद्रांत बुडालें, त्यांत त्यांचा अंत झाला. ग्रंथ छापून बाहेर पडलेला त्यांस पाहावयास मिळाला नाहीं. हिरालाल यांची योग्यता तर या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. प्रांतांतील कोरीव लेखांची त्यांनीं केलेली यादी अद्यापि हाताशीं ठेवावी लागते. अशा दोघांच्या परिश्रमांतून झालेला ग्रंथ मोलाचा असणारच. लोकांच्या तोंडची हकीकत त्यांनीं बहुतेक ठिकाणीं जशीच्या तशी नोंदविली आहे, हा त्याचा मोठा गुण होय. आमचा आक्षेप नोंदींवर नाहीं, नोंदींवरून काढलेल्या अनुमानांवर आहे.

प्रथम कोहळ्यांचें प्रकरण घेऊं. १९११ सालीं या जातीची संख्या सुमारें २६,००० होती असें ग्रंथकार सांगतात, व वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठमोठ्या तलावांचे कर्ते म्हणून तिचा गौरव करितात. उत्पत्तीविषयीं त्यांनीं तीन गोष्टी दिल्या आहेत. जातीची स्वतःची परंपरा अशी कीं, चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला होता, त्यानें परततांना त्यांस बरोबर आणलें. भंडाऱ्याकडील कोहळी आपली पहिली वस्ती लांजी येथें झाली असें सांगतात. दुसरी गोष्ट, चांद्याचे बंदोबस्त अधिकारी लूसी स्मिथ यांस मिळालेल्या माहितीप्रमाणें पूर्वज दक्षिणेकडून आले. तिसरी गोष्ट ग्रंथकारांची स्वतःची: उत्तरेकडील ‘कोइरी’ या माळीकाम करणाऱ्या जातीशीं नांवाचें साम्य आहे खरें, परंतु भाषा, चालीरीति व कुळांचीं नांवें शुद्ध मराठी असल्यामुळें उत्तरेचा पक्ष टिकत नाहीं, व मुंबई इलाख्यांतील ‘कोळी’ जातीची ही शाखा असणें अधिक संभवनीय आहे.

येथें दोन दोष दिसतात. पहिला नामसाम्याचा. कोइरी व कोहळी यांचें साम्य जर पुरावा म्हणून पुरेसें नाहीं, तर कोळी व कोहळी यांचें साम्य तरी पुरेसें कसें? शब्दांत ‘ह’ आहे. तो कोळी या नांवांत कोठून आला, हें कोणी सांगितलें नाहीं. इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ व ‘ल’ एकच होतात, मधला स्वर गळतो, आणि मग कोहळी, कोहली, कोळी हीं नांवें कागदावर एकमेकांच्या फार जवळ येतात. हें साम्य लेखणीचें आहे, मुखाचें नव्हे. संस्कृतज्ञ वाचकास दुसराही मोह पडेल. कूष्माण्डापासून कोहळा झाला, तेव्हां बागाईत करणारा तो कोहळी, असें तो म्हणेल. व ऊंस आणि भाजीपाला पिकविणाऱ्या जातीस तें शोभूनही दिसेल. शोभणें हा पुरावा नव्हे. ज्या नांवाचा जुन्या लेखांतील प्रयोग दाखवितां येत नाहीं, त्याच्या व्युत्पत्तीवर घराणें उभारूं नये. बोदलकसा या ग्रामनामाची संस्कृतांतून फोड करूं पाहणाऱ्यांसही आमचें हेंच सांगणें आहे.

दुसरा दोष भाषेच्या नियमाचा. उत्तरेकडून येऊन महाराष्ट्रांत राहिलेल्या जाती कित्येक शतकें लोटलीं तरी आपली भाषा व रीति सर्वस्वीं टाकीत नाहींत, असा ग्रंथकारांचा नियम आहे, व त्यास त्यांनीं पोवार व भोयर यांचा दाखला दिला आहे. हा नियम म्हणून मान्य करण्यासारखा नाहीं. तंजावराकडील मराठी मंडळींनीं आपली भाषा घरांत राखली, हें खरें; परंतु कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं धर्म राखून भाषा मात्र पूर्णपणें मराठीच स्वीकारली, हेंही तितकेंच खरें. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतून कॅनडांत गेलेल्या शेतकऱ्यांचें उदाहरण पाहावें. केप ब्रेटन बेटावर ते दाट वस्तीनें राहिले, तेथें त्यांची गेलिक भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालली. इतरत्र विखुरले, तेथें नातवांच्या तोंडीं ती उरली नाहीं. भाषा टिकते ती रक्तामुळें नव्हे, शेजारामुळें. पोवारांचीं गांवें एकमेकांस लागून आहेत, म्हणून त्यांची पोवारी बोली टिकली असेल. एवढ्यावरून कोहळी उत्तरेकडून आलेच नाहींत असें ठरत नाहीं, व आले असेंही ठरत नाहीं.

आतां पोवारांकडे वळूं. त्यांच्या बाबतींत माळव्याची परंपरा बोलीच्या पुराव्यानें बरीच बळकट होते, हें आम्हांस मान्य आहे. पश्चिमेकडील मराठी पवारांहून ते निराळे, हेंही त्यावरून दिसतें. तथापि ग्रियर्सन यांनीं आपल्या भाषापाहणींत पोवारी ही पूर्वहिंदीच्या वर्गांत घातली आहे, माळवीच्या नव्हे, इकडे लक्ष दिलें पाहिजे. वाटेंत कोठें तरी दीर्घ मुक्काम झाला असावा असें त्यावरून सुचतें. आगमनाच्या काळाविषयीं तर दोन टोकें आहेत. भंडाऱ्याच्या १८६७ सालच्या बंदोबस्ताच्या अहवालांत लॉरेन्स यांनीं दिलेली लोकपरंपरा अशी कीं, हे लोक सुमारें शंभर वर्षांपूर्वीं रामटेकाजवळ नगरधन येथें आले, व पुढें भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेंत केलेल्या कामगिरीबद्दल त्यांस जमिनी मिळाल्या. याउलट कित्येक लेखक नागपूरच्या संग्रहालयांतील परमारांच्या शिलालेखाचा आधार घेतात. तो लेख विक्रम संवत ११६१ म्हणजे इ. स. ११०४–५ चा आहे. दोहोंमध्यें साडेसहाशें वर्षांचें अंतर पडतें! शिलालेखावरून माळव्याच्या राजांचा या प्रांताशीं संबंध फार तर दिसेल. राजाच्या प्रशस्तींत नांगरधऱ्याची वंशावळ नसते. लॉरेन्स यांनीं जी गोष्ट ऐकली, ती सांगणाऱ्यांच्या आजोबांच्या स्मरणाच्या आंतली होती. नवा पुरावा निघेपर्यंत जवळच्या साक्षीदारास दूरच्यापेक्षां अधिक मान द्यावा, हें उचित होय.

येथवर ग्रंथाचें झालें. आतां ‘खानेसुमारीवरून सिद्ध’ या शेऱ्याचा विचार करूं. ही भाषा पाश्चात्त्य वंशशोधकांच्या अनुकरणानें आली आहे, व तेथें ती सार्थ आहे. स्कॉटलंडांत १८४१ पासूनचीं कुटुंबवार पत्रकें राखलेलीं असून शंभर वर्षांनंतर तीं वाचावयास मिळतात. १८५१ पासून त्यांत कुटुंबप्रमुखाशीं नातें व जन्माचा धर्मग्राम यांची नोंद आहे. तोच शेतकरी कॅनडांत गेला, तर १८७१ च्या पत्रकांत जन्मदेश, धर्म व कुलमूळ, आणि १९०१ च्या पत्रकांत देशांत आल्याचें वर्ष सांपडतें. तरीही तेथील चांगले शोधक एका पत्रकावर विसंबत नाहींत. १८४१ सालीं पंधरा वर्षांवरील मनुष्याचें वय पांचाच्या पटींत खालीं उतरवून लिहीत. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल तेथेंही असल्यामुळें एकाच गांवांत एकाच नांवाचे तीन पुरुष निघतात. म्हणून ते गांवचें जन्ममृत्यूचें पुस्तक, खंडाचा करार व थडग्यावरील लेख हीं सर्व जुळवून पाहतात.

आपल्याकडे स्थिति अगदीं निराळी आहे. मध्यप्रांताची पहिली खानेसुमारी १८६६ सालीं झाली. सर्व हिंदुस्थानाची एकाच वेळीं अशी पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं झाली. परंतु गणकांनीं भरलेलीं कुटुंबवार पत्रकें बेरजा घेतल्यावर सर्वसाधारणपणें जतन करण्यांत आलीं नाहींत. राहिले ते छापील कोष्टकांतील आंकडे. १९०१ पासून माणशी एक चिठ्ठी करून मोजण्याची पद्धत आली, तीही बेरजेच्या सोयीसाठीं. जातवार आंकडे सविस्तर असे १९३१ सालचे शेवटचे. शिवाय १९४८ च्या कायद्यानें व्यक्तिगत पत्रकें पाहण्यास बंदी असून तीं न्यायालयांत पुरावा म्हणूनही चालत नाहींत. तेव्हां ‘आमचे पणजोबा १८८१ च्या खानेसुमारींत आहेत’ असें जो म्हणतो, त्यास तेथें पणजोबा भेटत नाहींत. भेटतो तो एक आंकडा, व पणजोबा त्या आंकड्यांत असतील एवढेंच म्हणतां येतें.

त्या आंकड्यांचाही उपयोग जपून करावा लागतो. जन्मस्थानाचीं कोष्टकें जिल्हावार आहेत, आणि जिल्ह्यांच्या सीमा हलल्या. १८६७ सालीं भंडारा, मंडला व शिवनी यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा करण्यांत आला. लांजी बालाघाटांत आहे. आतां एखाद्या म्हाताऱ्यानें खानेसुमारीच्या वेळीं ‘जन्म बालाघाट’ असें सांगितलें, तर तो कोष्टकांत परजिल्ह्यांतून आलेला दिसेल. वस्तुतः तो जन्मला तेव्हां त्या नांवाचा जिल्हाच नव्हता. पुढें १९५६ मध्यें भंडारा मुंबई राज्यांत गेला व बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. १९९९ मध्यें गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. पायांखालची सीमा सरकली व घर जागच्या जागीं राहिलें, अशीं उदाहरणें या भागांत पुष्कळ सांपडावीं.

तलावांच्या साक्षीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कोहळ्यांची कीर्ति रास्त आहे. नवेगांवचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें घातला असें परंपरा सांगते, व तेथें त्याची देवता म्हणून पूजाही होते. परंतु म्हणून खोऱ्यांतील प्रत्येक जलाशय पूर्वजांच्या खातीं मांडणें बरें नव्हे. बोदलकसा येथील मोठें मातीचें धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या पादांतील, ब्रिटिश अमदानींतील सरकारी काम आहे. पाण्याच्या कांठीं घराणें आहे एवढ्यावरून त्या घराण्यानें पाणी अडविलें असें होत नाहीं. मालगुजारांनीं बांधलेले तलाव, ज्यांस आतां माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ म्हणतात, ते निराळे. त्यांचे कागद निराळे.

मग मूळपुरुष शोधावा कोठें? आमच्या मतें आजच्या माणसापासून मागें जावें, मूळपुरुषापासून पुढें येऊं नये. प्रथम कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मग बंदोबस्ताचीं गांववार पत्रकें व वाजिब-उल-अर्ज. मग मालगुजारांच्या घरचीं दफ्तरें. त्यामागें भोसल्यांच्या काळचे मोडी कागद. तीर्थोपाध्यायांच्या नांवनिशींच्या वह्या तर फारच महत्त्वाच्या. यात्रेस गेलेला मनुष्य तेथें गांव व बापआजांचीं नांवें सांगतो, व तेथें खोटें सांगण्याचें कारण नसतें. भाटांच्या वह्याही पाहाव्या, परंतु त्यांत मागील पिढ्या एकाच हातच्या अक्षरांत व एकाच शाईंत असल्या तर तो भाग पुरावा न मानतां परंपरा मानावा. कालगणनेंत विशेष सावध असावें. उत्तरेकडील फसलींत ५९२–९३ मिळवावे लागतात, दक्षिणेकडील फसलींत ५९०–९१. कागद कोणत्या फसलीचा हें ठरविल्याशिवाय सन काढल्यास दोन वर्षांची चूक होते, आणि बाप मेल्यावर मुलगा जन्मला असे चमत्कार त्यांतूनच निघतात.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. जातीच्या व जमिनीच्या दाव्यांत आज लोकांस जुना कागद दाखवावा लागतो. ज्याच्या हातीं छापील ग्रंथांतील तर्क आहे तो रिकाम्या हातानें परततो. ज्याच्या हातीं आजोबांच्या नांवाची एक ओळ आहे त्याचें काम होतें. १९५१ सालीं मालगुजारी गेल्यापासून तीं दफ्तरें निरुपयोगी समजून माळ्यावर टाकलीं गेलीं. पावसानें व वाळवीनें त्यांचा दरवर्षीं कांहीं भाग नाहींसा होत आहे. रसेल व हिरालाल यांचा ग्रंथ ग्रंथालयांत सुरक्षित आहे, त्याची काळजी करण्याचें कारण नाहीं. संग्राहकांनीं तिरोडा, गोंदिया व साकोली या बाजूच्या जुन्या मालगुजार घराण्यांकडे जाऊन कागदांच्या याद्या तरी कराव्या. कागद मालकाच्या घरींच राहूं द्यावे, छायाचित्रें घ्यावीं. काशी कीं माळवा हा प्रश्न मग त्या कागदांवरून सुटला तर सुटेल. न सुटला तरी ज्यांनीं हीं भातखाचरें बांधलीं त्यांचीं खरीं नांवें हातीं लागतील, आणि इतिहासास तेवढें पुष्कळ आहे.