पहाटेचा ढग आणि पाडव्याची संध्याकाळ

मंडळी, पडद्यावर दिसतंय तसलं पहाटेच्या प्रक्षेपणाचं चित्र तुम्ही पुष्कळदा पाहिलं असेल. काळंनिळं आकाश आणि पाण्यावरून उठलेली सोनेरी कमान. या कमानीबद्दल आमचं पहिलं गाऱ्हाणं असं, की ती कुणीच डोळ्यांनी पाहिलेली नसते. कॅमेऱ्याची झडप दोन-तीन मिनिटं उघडी ठेवली की सरकणाऱ्या ठिपक्याची रेघ होते. ते खोटं आहे, असं आम्ही म्हणत नाही. पण क्रमाने घडलेलं एकदम समोर ठेवलं, की त्यातला वेळ निघून जातो.

खरं पाहण्यासारखं असतं ते रेघेच्या नंतर. १४ फेब्रुवारी २०२२ घ्या. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-५२ निघालं पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी. सूर्योदयाला अजून अर्धा तास होता. जमिनीवर अंधार, पण खूप उंचावर ऊन आधीच पोचलेलं. आपल्याकडे टेकडीच्या माथ्यावर ऊन येतं आणि पायथ्याला रात्रच असते ना, तसंच. फक्त इथली टेकडी कित्येक किलोमीटरची. वर हवा विरळ, दाबायला कुणी नाही, म्हणून इंजिनातून निघालेला वायू ऐसपैस पसरतो. त्यातले सूक्ष्म कण आणि गोठलेली वाफ त्या उन्हात उजळतात. खालचा धूर तांबूस, वरचा पांढरानिळा. मग दर थरातला वारा वेगळा, म्हणून ती रेघ वाकडीतिकडी होऊन तिची गाठ बसते. याला बराच वेळ लागतो, आणि नेमके तेव्हा बहुतेक छायाचित्रकार तिकाटणं आवरत असतात! यान गेलं, संपलं. थांबणाऱ्याचं चित्र आम्हाला कधीही जास्त मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जरा जड आहे. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही एफ-१० असंच झुंजुमुंजूला, ५ वाजून ४३ मिनिटांनी उडालं. उड्डाण देखणं झालं. जेमतेम पाच मिनिटांनी वरचा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही आणि ईओएस-०३ हा उपग्रह गेला. आता त्या पहाटेचं चित्र सी-५२ च्या चित्राशेजारी ठेवा. यश कुठलं, अपयश कुठलं, सांगता येतं? आम्हाला तरी येत नाही. म्हणजे हे चित्र कामाची साक्ष देत नाही, फक्त निघण्याची देतं. तरी आपण त्याखाली ‘गौरवाचा क्षण’ लिहून मोकळे होतो.

कांटने १७९० मध्ये म्हटलं होतं, की निसर्गाची प्रचंड शक्ती उदात्त वाटते ती आपण सुरक्षित जागी असलो तरच. हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, पुरणपोळीचं जेवण अंगावर आलेलं, आणि पावणेआठच्या सुमाराला आपल्या खानदेशावरून जळत्या तुकड्यांची रांग गेली. सगळे गच्चीवर. मोबाईल वर. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी चक्क हात जोडले. आम्हीही तोंड उघडं टाकून बघतच राहिलो, कबूल करतो. सुंदर होतं हो ते! मागाहून कळलं, की तो आदल्या वर्षी सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी अग्निबाणाचा परतलेला टप्पा होता.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, आठ-दहा फूट व्यासाचं धातूचं कडं आकाशातून येऊन पडलं. मोकळ्या जागेत पडलं म्हणून बरं. आपल्या गच्चीवर जे उदात्त होतं, ते तिथे अंगणाशेजारी आदळलं.

कड्याभोवती उभ्या माणसांचे फोटो तेव्हा छापून आले होते. प्रकाश कसाबसा, रचना काही नाही, अर्धी माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत. अंतराळाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन आम्हाला मांडायला सांगितलं, तर पहाटेच्या ढगाला लागूनच हा फोटो लावू. आणि दोन्हींचा आकार एकच ठेवू.