पंचवीस टक्के कशाचे?

११ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने ‘स्प्रिंट’ ही रक्तदाबावरील चाचणी मुदतीआधीच थांबवल्याचे जाहीर केले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तर हृदयविकार व पक्षाघात जवळजवळ एकतृतीयांशाने घटतात, असे निवेदनात म्हटले होते. मूळ आकडे मात्र दिले नव्हते. ते ९ नोव्हेंबरला शोधनिबंधातून आले, तेव्हा ही घट २५ टक्के ठरली.

पण पंचवीस टक्के कशाचे? चाचणीत पन्नाशीच्या पुढचे, हृदयविकाराचा धोका अधिक असलेले ९,३६१ लोक होते. सुमारे सव्वातीन वर्षांत १४० चे लक्ष्य असलेल्या गटात हजारी ६८ जणांना हृदयविकार वा पक्षाघाताने गाठले. १२० च्या गटात ५२ जणांना. म्हणजे हजारात १६ जण वाचले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना त्या काळात हे आजार तसेही झाले नसते. औषधे मात्र सर्वांनी घेतली, सरासरी एक औषध जास्त.

आता दुसरी बाजू. मूत्रपिंडाला तीव्र इजा होण्याचे प्रमाण हजारी २५ वरून ४१ वर गेले. येथेही फरक १६ चाच! दोन्ही सोळा एका वजनाचे नाहीत, हे खरे. अशी इजा पुष्कळदा भरून निघते आणि कडक उपचाराच्या गटात मृत्यूही हजारी ४५ वरून ३३ वर आले. चाचणी मोलाची आहे, याबद्दल वाद नाही. पण फायदा तेवढा शेकडेवारीत सांगायचा आणि तोट्याबद्दल मौन पाळायचे, हा व्यवहार शास्त्राला शोभत नाही.

आणखी दोन गोष्टी बातमीत सहज हरवतात. या चाचणीत मधुमेही घेतले नव्हते. शिवाय रक्तदाब मोजताना रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, यंत्राने तीनदा मोजून सरासरी काढली जाई. गर्दीच्या दवाखान्यात घाईने घेतलेला १२० हा तो १२० नव्हे.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. ‘इतके टक्के घट’ ऐकताच ‘किती जणांत, किती वर्षांत आणि कशाच्या बदल्यात?’ असे विद्यार्थ्याने विचारले, तर उद्या घरातल्या आजोबांच्या गोळ्यांबद्दल तो डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारू शकेल.