पात्रांचे भांडण आणि प्रत्ययाची साक्ष

संवादात बोलणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाने पुरुषविचारात देऊन टाकले आहे असे आपण धरून चालतो. ‘मी’ म्हणणारा तो बोलणारा, ‘तू’ म्हणून ज्यास उद्देशावे तो ऐकणारा. नाट्यात मात्र हा हिशेब बिघडतो. आणि मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळात तर तो इतका बिघडतो की, खेळणारांपैकी दोघांची पात्रे परस्परांशी भांडू लागली म्हणजे भांडते आहे कोण हे भांडणारांसही सांगता येत नाही. या खेळात प्रत्येक गडी एक कल्पित पात्र घेतो, त्याच्या वतीने बोलतो आणि त्याची कृती सांगतो; एक संचालक प्रसंग उभे करतो व संशयाच्या जागी फासे निर्णय देतात. लिखित संहिता नसते, प्रेक्षक नसतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ या जातीचा आद्य ग्रंथ मानला जातो.

प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते दरेकसा येथील आमच्या बोली-सर्वेक्षणाच्या शिबिराचे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत हे गाव आहे. मराठी, गोंडी, छत्तीसगडी आणि हिंदी यांची सरमिसळ एकेका घरात ऐकावयास मिळते, म्हणून आम्ही तेथे जातो. दिवाळीनंतरचे, मंडईचे दिवस होते. दिवसा विद्यार्थी जोडीजोडीने शब्द गोळा करीत आणि रात्री त्यांपैकी पाच जण असा खेळ मांडून बसत. त्यांच्या अनुमतीने मी दोन रात्रींचे ध्वनिमुद्रण केले. उत्स्फूर्त संवादाचा नमुना मिळावा, एवढाच माझा हेतू होता.

दुसऱ्या रात्री एका विद्यार्थिनीने वाटाड्याची भूमिका घेतली होती, वाटाड्या पुरुष. तिच्या दिवसाच्या जोडीदाराने वैद्याची भूमिका घेतली होती. वाटाड्याने मिळालेला नकाशा सोबत्यांपासून लपविला आणि वैद्याने त्यास जाब विचारला. मुद्रणात क्रम असा आहे: ‘तू खोटं बोलतोस.’ उत्तर: ‘मी नकाशा देणार नाही.’ पुन्हा: ‘तू खोटं बोलतोस.’ पुन्हा तेच उत्तर. आणि मग: ‘तू खोटं बोलतेस. तू नेहमीच अशी वागतेस.’

‘बोलतोस’ आणि ‘बोलतेस’ यांत एका स्वराचे अंतर आहे. पहिले रूप वाटाड्यास उद्देशून, दुसरे तिला. भांडण खेळाबाहेर गेले ते या स्वरापाशी. आणि गंमत अशी की, तिच्या उत्तरांत ते कोठे होते याचा पत्ता लागत नाही. प्रमाण मराठीत वर्तमानकाळी ‘मी देतो’, ‘मी देते’ असा लिंगभेद दिसतो. पण ‘देणार नाही’ आणि ‘देत नाही’ या नकारांत तो लोपतो. नकार देणारा ‘मी’ वाटाड्याचा की विद्यार्थिनीचा, हे रूप सांगत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ आले की द्वितीय पुरुषातही ही साक्ष नाहीशी होते. (सर्व बोलींत हेच घडते असे मात्र गृहीत धरू नये, बोलणारे पाचही जण प्रमाण मराठी बोलत होते.) म्हणजे आपली भाषा आरोप करणाऱ्यास उघडे पाडते आणि नाकारणाऱ्यास झाकते.

संचालकाने तत्काळ हस्तक्षेप केला. तो म्हणाला, ‘तुम्ही दोघं भांडू नका.’ हेतू चांगला होता. वाक्य घातक होते. त्या ‘तुम्ही दोघं’मध्ये वाटाड्या आणि वैद्य नव्हते, दोन विद्यार्थी होते. जे भांडण अद्याप अर्धवट पात्रांचे होते ते त्याने संपूर्णपणे व्यक्तींच्या नावावर चढविले. ‘वाटाड्या यावर काय उत्तर देतो?’ असे तृतीय पुरुषी, पुल्लिंगी वाक्य त्याने वापरले असते, तर निदान वाद आपल्या मूळ धन्याकडे परत गेला असता.

या खेळांविषयी जे मार्गदर्शनपर लेखन होते त्यात या जागी दोन उपदेश ठरलेले असतात. एक, पात्रांनी परस्परांविरुद्ध जाऊच नये असा नियम आरंभीच करावा. दुसरा, ‘माझे पात्र असेच वागले असते’ ही सबब ऐकून घेऊ नये. पहिला उपदेश मला दुबळा वाटतो. या खेळप्रकाराचा उगमच मुळी एका अशा संघर्षात आहे. 1969 साली मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा युद्धखेळ मांडला व प्रत्येक गड्यास स्वतंत्र भूमिका दिली. गडी संचालकास सोडून आपसांतच कारस्थाने करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, ज्यासाठी नियमच नव्हते, ते वेस्लींना जागच्या जागी रचावे लागले. त्यांस हा प्रयोग फसला असे वाटले. गड्यांना तो पुन्हा हवा होता. संघर्ष वगळून नाट्य मागणे म्हणजे मीठ वगळून चव मागणे होय.

दुसऱ्या उपदेशात तथ्य आहे, परंतु विश्लेषण नाही. ‘माझे पात्र असेच वागले असते’ या वाक्यात ‘माझे’ हा शब्द मालकी सांगतो आणि उरलेले वाक्य जबाबदारी झटकते. पण हे वाक्य पात्राचे नव्हे, गड्याचे आहे. ते भूमिकेच्या बाहेर उभे राहून बोललेले आहे. तेव्हा ते उच्चारणारा स्वतःच सीमा ओळखतो आहे आणि त्याच्याशी गडी म्हणून बोलणे शक्य आहे. अधिक भय आहे ते हे वाक्य न उच्चारता ‘मी’ म्हणत राहणाऱ्याचे. गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी ‘शेअर्ड फँटसी’ (1983) या ग्रंथात अर्विंग गॉफमन यांच्या चौकटींच्या विचारास अनुसरून व्यक्ती, गडी आणि पात्र असे तीन स्तर या खेळात दाखविले आहेत. मराठीत तिन्ही स्तरांना एकच ‘मी’ पुरवावा लागतो, हे त्यांस अर्थातच ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्या परंपरेला ही अडचण अपरिचित नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात इंद्रध्वजाच्या उत्सवी पहिला प्रयोग होतो, त्यात दैत्यांचा पराभव दाखविला जातो, आणि समोर बसलेले दैत्य व विघ्ने तो पराभव आपला समजून नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकतात. इंद्र ध्वजदंडाने त्यांस झोडपतो. मग नाट्यगृह बांधले जाते. आणि त्यानंतर ब्रह्मदेव विरूपाक्षाशी सामाने बोलतो. दंड आधी, भिंती मग, बोलणे शेवटी: हा क्रम मला नेहमी विचारात पाडतो.

झाडीपट्टीत, किंबहुना सर्व विदर्भात, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिल्यावर झडत्या म्हटल्या जातात. एकाने पद्यातून चिमटा काढावा, दुसऱ्याने पद्यातूनच त्याची परतफेड करावी. धनी, सावकार, शेजारी कोणी सुटत नाही. परंतु झडतीचा आरंभ गौरा-पार्वतीच्या नमनाने होतो आणि शेवट महादेवाच्या गजराने. ज्यास टोला बसला तोही त्या गजरात सामील होतो. ग्रेगरी बेटसन यांनी 1955 च्या आपल्या निबंधात, खेळातला चावा हा चाव्याचे चिन्ह असतो पण चाव्याने जे सुचवावयाचे ते सुचवीत नाही, असे म्हटले आहे. तोरणाखालचा गजर हे त्या तत्त्वाचे ऐकू येणारे रूप होय. आमच्या पाच जणांच्या खेळाला असे नमन नव्हते आणि गजरही नव्हता. जेवण झाले की तो सुरू होई आणि झोप आली की थांबे.

तथापि लोककलांतले उपाय जसेच्या तसे उचलता येतील असे मी म्हणणार नाही. संहितेवाचून संवाद रचण्यात भूमिकाखेळाशी अधिक जवळचे नाते दक्षिण कोकणातील दशावताराचे आहे. तेथेही नटास कथा ठाऊक असते आणि वाक्ये रंगभूमीवर सुचतात. दोन पात्रांची शाब्दिक झुंज रात्रीच्या रात्री रंगते. पण कोण हरणार हे पुराणाने ठरविलेले असते. दैत्याचे काम करणारा नट मारला गेला म्हणून त्याचे काही जात नाही. उलट तो चांगला मेला म्हणून त्याची वाहवा होते. भूमिकाखेळात शेवट मोकळा असतो, फासा कोणाकडेही पडतो, आणि कित्येक महिने जपलेले पात्र एका रात्रीत नष्ट होऊ शकते. 1984 च्या ‘पॅरानोइया’ या खेळात पात्रांनी एकमेकांवर उलटावे अशीच रचना आहे. तेथे प्रत्येकास आपल्या पात्राच्या सहा प्रती मिळतात, म्हणून मरण स्वस्त होते आणि भांडण हसण्यावारी जाते. पराभवाची किंमत आधी ठरवावी, भांडणास बंदी करू नये, एवढा निष्कर्ष यावरून काढता येतो.

परंतु दरेकशाच्या त्या रात्रीचा उलगडा एवढ्याने होत नाही. ‘तू नेहमीच अशी वागतेस’ यातील ‘नेहमीच’ हा शब्द वाटाड्याला लागू पडणारा नव्हता. वाटाड्या जन्मून दोनच रात्री झाल्या होत्या. पुढे कळले ते असे की, गावातील एका वृद्धेने सांगितलेल्या शब्दांची वही विद्यार्थिनीने जोडीदारास दाखविली नव्हती. कारण आधीच्या शिबिरात तिच्या नोंदी त्याच्या नावावर गेल्या होत्या. नकाशा लपविणे हे वही लपविण्याचेच सोंग होते. अशा वेळी ‘वाटाड्या काय उत्तर देतो?’ हा मी वर सुचविलेला प्रश्नही अपुरा, कदाचित अन्यायाचाही ठरला असता. त्याने एक खरी तक्रार पुन्हा सोंगाच्या आत कोंडली असती. प्रत्यय बदलला तो अपघाताने नव्हे. त्या दोघांना जे बोलावयाचे होते त्याला त्या खेळातच पहिली वाट मिळाली होती.

हे ओळखण्याचे काम त्या खोलीत एकाच माणसाचे होते, आणि ते संचालकाचे नव्हते. मी कोपऱ्यात बसून वहीत ‘-तोस > -तेस’ असे लिहिले, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि नमुना चांगला मिळाला या समाधानात झोपावयास गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनीने जोडी बदलून मागितली. मी कारण न विचारता ती बदलून दिली. वृद्धेच्या शब्दांची वही तिने शिबिर संपल्यावर स्वतंत्रपणे, आपले नाव पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून, माझ्या स्वाधीन केली.

मुद्रण मी पुढे अनेकदा ऐकले. ‘वागतेस’नंतर तिचे उत्तर नाही. संचालकाचे ते एक वाक्य आहे, कोणीतरी फासे डबीत टाकल्याचा आवाज आहे, आणि मग डोंगरगडच्या दिशेने निघालेली एक मालगाडी बराच वेळ जात राहते.