गुडघा टेकून वाजवलेला ड्रम

त्रिलोक गुर्टू ड्रम वाजवायला बसतात तेव्हा खाली स्टूल नसतं. एक गुडघा जमिनीला टेकवून अर्धवट बसायचं, तबल्याची जोडी आणि विलायती ड्रम हाताच्या टप्प्यात मांडायचे आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवायची. वाजती झांज त्या पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, खाली घसरतो. कार्यक्रमात लोक हेच बघायला माना उंचावतात. ध्वनिमुद्रणात बादली दिसत नाही, म्हणून मला गुर्टू बघण्यापेक्षा ऐकणं जास्त आवडतं. डोळ्यांना जी करामत वाटते ती कानाला लांब वाक्यातल्या अर्धविरामासारखी लागते.

आपल्या खान्देशात तालवाद्य बहुतेक उभ्यानेच वाजतं. गोंधळी संबळ कमरेला बांधतो, होळीला सातपुड्यातल्या पावरा मंडळींच्या गळ्यात भलेमोठे ढोल असतात, लग्नसराईत बँडवाले वरातीपुढे रस्ताभर चालत वाजवतात. बसून वाजवायचा तो तबला, आणि तोही गवयाच्या बाजूला. गुर्टूंनी बैठक मैफिलीची ठेवली आणि वाद्यं बँडची घेतली. त्यांच्या रचना ऐकताना वारंवार जाणवतं, की जगभर नाव कमावलेला हा ड्रमर मनाने साथीदारच राहिला आहे.

ती साथ घरातली. जन्म मुंबईचा, १९५१ सालचा. आई ठुमरी-दादऱ्यात नाव काढलेल्या शोभा गुर्टू. शोभाताई बेळगावच्या, मेनकाबाई शिरोडकरांची मुलगी. मराठी श्रोता त्यांना ‘सामना’सारख्या चित्रपटातल्या गाण्यामुळेही ओळखतो. ठुमरीच्या साथीला संयम लागतो. गायिका एकाच ओळीचे दहा अर्थ उलगडत असताना तबलजीने ठेका धरून गप्प बसायचं असतं. त्याची पाळी शेवटी, जलद लयीची लग्गी लागते तेव्हा. तिथेही मुखड्यावर यायच्या आत सगळं आवरून गायिकेच्या हाती द्यायचं. जळगावला दर जानेवारीत भरणाऱ्या बालगंधर्व महोत्सवातला जाणता श्रोता लग्गी सुरू झाली की सरसावून बसतो, तो ह्याचसाठी.

१९७०च्या दशकात गुर्टू युरोपात गेले. ‘एम्ब्रियो’ ह्या जर्मन गटाच्या १९७७ सालच्या ‘अपो-कॅलिप्सो’ ह्या ध्वनिमुद्रिकेत ते आहेत आणि त्यांची आईही आहे. पुढे डॉन चेरी, चार्ली मारियानो अशा जॅझवादकांबरोबर वादन झालं. ‘ओरेगन’ ह्या अमेरिकन चौकडीचा तबला-सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४च्या नोव्हेंबरमध्ये अपघातात गेला. त्याच्या जागी गुर्टू आले. तबला शिकलेल्या अमेरिकनाच्या जागेवर ड्रम वाजवणारा मुंबईकर तबलजी, असा तो उलटा योग.

स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ‘उस्फ्रेत’, १९८८ची. साथीला डॉन चेरी, राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बासगिटारवर योनास हेलबोर्ग. आणि गायला आई. ह्या ध्वनिमुद्रिकेतली ‘शोभारॉक’ ही रचना सावकाश ऐकण्यासारखी आहे. एका बाजूला जड, विजेवरचा बास आणि त्याला बांधलेला ड्रम. दुसऱ्या बाजूला साठी ओलांडलेल्या बाईंचा तो किंचित घोगरा, रुंद आवाज. असे प्रयोग पुढे पैशाला पासरी झाले. बहुतेक ठिकाणी गाणं वेगळं ध्वनिमुद्रित करून ठेक्यावर चिकटवलेलं असतं, ते लगेच कळतं. इथे ड्रमर गायिकेला ओळखतो. ती कुठे श्वास घेणार, कुठली जागा लांबवणार हे त्याला लहानपणापासून पाठ आहे. आवाज आला की तो बाजूला सरतो आणि आवाज थांबला की भरून काढतो. ठोका रॉकचा असला तरी वागणूक ठुमरीच्या तबलजीची आहे.

सगळी ध्वनिमुद्रिका मात्र ह्या तोलाची नाही. ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा चकचकीतपणा आता कानाला खुपतो, आणि काही रचनांत इतकी वाद्यं एकदम बोलतात की कोणाचंच धड ऐकू येत नाही.

साथीचा तो संयम पुरता कळतो तो जॉन मॅकलॉक्लिन यांच्या त्रयीच्या ध्वनिमुद्रिकेत. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये नोव्हेंबर १९८९मध्ये झालेल्या मैफिलीचं हे मुद्रण. माणसं तीनच: मॅकलॉक्लिन यांची गिटार, काय एकहार्ट यांचा बास आणि गुर्टू. ‘मदर टंग्ज’ ही रचना जवळपास अठरा मिनिटं चालते. मॅकलॉक्लिन यांची तान म्हणजे धो धो पाऊस. सामान्य ड्रमर तिथे बरोबरीने धावतो. गुर्टू धावत नाहीत. ते तानेच्या शेवटावर नजर ठेवतात आणि बरोबर तिथे दोन-चार नेमके आघात टाकतात, म्हणजे मागची सगळी धावपळ अर्थाला लागते. तिहाई मोजणाऱ्या आपल्या कानाला समेची ही वाट पाहणं शिकवावं लागत नाही.

त्यांची एकट्याची पाळी आली की आधी तोंडाने बोल येतात. मग तेच बोल तबल्यावर, तिथून ड्रमवर. पढंत करून मग वाजवायचं, ही सोलो तबलावादनाची जुनी रीत. फरक असा की विलायती ड्रमला शाई नसते, चाट-मैदान नसतं. ‘धिं’ची आस त्यातून निघायची कुठून? गुर्टू वेगवेगळ्या उंचीचे ड्रम बोलांना वाटून देतात, दाब कमीजास्त करतात, आणि काठीने वाजवलेल्या वाक्यातही ‘धा’ आणि ‘ना’ निराळे ओळखू येतात. मग बादलीचा आवाज येतो. इतक्या वेगानंतर तो झांजेचा घसरता सूर आला की सभागृहही क्षणभर सावध झाल्यासारखं वाटतं.

गुर्टूंच्या १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये कीबोर्डवर जो झाविनुल आणि गिटारवर पॅट मेथेनी आहेत. नावं मोठी असली तरी कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. झाविनुल यांची ‘बॅलड फॉर टू म्युझिशियन्स’ ही दोघांचीच रचना मला त्यातली सर्वांत आवडती. पुढच्या काळात आफ्रिकी गायक आले, रणशिंगासारखे वाजणारे बिग बँड आले, पाहुण्यांच्या याद्या लांबत गेल्या. त्यातली बरीच ध्वनिमुद्रणं मी एकदा ऐकून ठेवून दिली. पाहुणे वाढले की यजमान वाढप्या होतो, तसं काही ठिकाणी झालं आहे.

अपवाद ‘आर्किऑलॉजी’चा, २००६चा. इथे समोर आहे ‘आर्के’ नावाची इटालियन तंतुवाद्यांची चौकडी. चारही वाद्यं गजाची, म्हणजे गाणारी. गुर्टूंना पुन्हा साथ करायला गळे मिळाले आणि हात मोकळा झाला. घाईच्या जागा आहेत, पण गजाचा सूर लांबवला की खाली तबला ठेक्यावर येऊन स्वस्थ होतो. आई २००४च्या सप्टेंबरमध्ये गेली होती. ह्या ध्वनिमुद्रिकेत तिचा आवाज नाही, पण तिच्यामागे बसून शिकलेला तबलजी प्रत्येक रचनेत आहे. ज्यांनी जॅझ कधी ऐकलेलं नाही त्यांनी गुर्टू ऐकायला इथूनच सुरुवात करावी, ‘उस्फ्रेत’ नंतर ऐकावी, आणि लंडनची मैफल एखाद्या निवांत रात्री, शेजाऱ्यांची झोप सांभाळून.